पप्पांचे खवले

पप्पांच्या हातचं शेवटचं काम आज सकाळी आईने तारेच्या घासणीने घासून पुसून टाकलं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

ज्यांनी आमचं घाटकोपरचं घर पाहिलंय, त्यांना दारावरची पाटी आठवत असेल. मधे आडनावाची पितळी अक्षरं आणि मागच्या पत्र्यावर एकात एक अडकलेली गोल गोल चक्रं. आपण जरा हललो की त्यांच्यावरचा उजेडही सरकायचा.

कुरिअरवालेसुद्धा सही घ्यायची सोडून पाटी बघत बसायचे.

पप्पा मरोळच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. घरी गॅलरीत त्यांचं छोटं ड्रिल मशीन होतं. त्यात ड्रिलऐवजी एक दांडा लावायचे, दांड्याच्या टोकाला रबर. पत्र्यावर पॉलिशची खरखरीत पेस्ट फासायची आणि फिरतं रबर अलगद टेकवून उचलायचं. एक चक्र उमटतं. पत्रा थोडा सरकवायचा, पुढचं चक्र आधीच्याच्या निम्म्यावर. अशी ओळ, मग त्याखाली दुसरी ओळ.

पप्पा याला स्टाइलमध्ये 'इंजिन टर्निंग' म्हणायचे. घरात सगळे म्हणायचे खवले.

ते नाव आईने पाडलं. "मालवणी माणूस. पत्र्याक पण खवले घालता," असं ती येईल त्याला सांगायची.

ओळ सुरू झाली की मधे थांबायचं नाही, हा पप्पांचा नियम. एकदा हात उचलला की अंदाज जातो आणि पुढची चक्रं भलतीकडे जातात. म्हणून ओळ संपेपर्यंत चहा नाही, फोन नाही, दारात पाहुणा असला तरी उठायचं नाही. माझं लग्न ठरवायला आलेली मंडळीसुद्धा हॉलमध्ये ताटकळली होती. आई त्यांना पोहे देत शांतपणे म्हणाली होती, "ह्यांची ओळ चालू आहे."

ते लग्न ठरलं हे विशेष.

तर ती पाटी पहिल्यांदा दारावर लागली तेव्हा मी शाळेत होते. दिवाळीची साफसफाई निघाली. आईला वाटलं पत्र्यावर डाग पडलेत, कढईच्या बुडाला पडतात तसे. तिने पाटी काढली आणि तार घेऊन घास घास घासली. हे खवले म्हणजे वरवरचे बारीक ओरखडेच असतात. सगळे गेले. पत्रा आरशासारखा चकाचक.

पप्पा ओव्हरटाइम करून आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले. मी आणि दादा आतून बघत होतो. आता वाट लागणार.

"घासलंस?" एवढंच विचारलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि गॅलरीत बसून परत खवले घातले.

पुढच्या दिवाळीला आईने पाटी पुन्हा घासली. त्याच्या पुढच्याही. मला वाटायचं ही विसरते कशी? कॉलेजात असताना एकदा विचारलंच. ती चकल्या पाडता पाडता म्हणाली, "तेवढ्यासाठी तरी दिवाळीत घरात थांबतत."

पप्पा रिटायर झाले, कायमचे घरातच आले, तरी तिने घासणं सोडलं नाही. आणि पप्पांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. दिवाळी जवळ आली की तिला पाटी काढताना त्रास नको म्हणून तेच गुपचूप स्क्रू ढिले करून ठेवायचे. मी स्वतः पाहिलंय.

या दिवाळीला आईने सगळं दार पुसलं, पाटीला हात लावला नाही. मला ते बघवत नव्हतं.

मग दादाने मशीनला गिऱ्हाईक बघितलं. त्याचंही चूक नाही, गॅलरी नुसती अडून होती. आई हो म्हणाली. माणूस आज संध्याकाळी मशीन न्यायला येणार होता. म्हटलं, मशीन जाऊ दे, पाटी तर आहे.

आणि सकाळी बघते तर पाटी सिंकमध्ये आणि आईच्या हातात तार.

मी ओरडलेच. "आई, ते शेवटचं होतं गं पप्पांचं."

ती थांबली नाही. पूर्ण घासली, धुतली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"आता तू घाल खवले. मशीन खंय जावची नाय."

मी रडले यार. खूप रडले. मग गॅलरीत जाऊन बसले.

आयुष्यभर नुसतं बघितलेलं काम. पहिली ओळ पार वाकडी गेली. दुसरी जरा बरी. तिसऱ्या ओळीला हाताला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. मग आतून आईचा वाजला. दादा होता, माणूस किती वाजता येणार ते सांगायला.

मशीनच्या घरघरीतही आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"त्या माणसाक नको म्हणून सांग. आणि मगे फोन कर. तिची ओळ चालू आसा."

पाटी आता दारावर आहे. वाकड्या ओळीसकट.

पप्पा, तुमची खूप आठवण येते.
नमस्कार करते.
दिवाळीच्या आधी स्क्रू मी ढिले करून ठेवीन.