आत्याशिवाय व्हिसा नाही

"बाळ सव्वा महिन्याचं हाय, मॅडम. सहा महिन्याला अजून लई टाइम हाय."

मुखेडचे मारोतराव माझ्या नांदेडच्या ऑफिसात ऐसपैस बसून सांगत होते. शेजारी त्यांची मुलगी स्वाती, मांडीवर बाळ. ती जर्मनीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मी व्हिसाची कामं करते. तिच्या पासपोर्टवरचा शिक्का पाहिला आणि चहा बाजूला ठेवला.

"काका, सहा महिने बाळाचे नाही मोजत. स्वाती तिथून निघाली त्या दिवसापासून मोजतात. पावणेचार महिने झालेसुद्धा."

"आं? ती काय फिरायला आली का? बाळंतपणाला आली!"

नियमाला कारण कळत नाही. स्वातीकडे टेंपररी परमिट, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की ते आपोआप रद्द होतं. पर्मनंट, म्हणजे कायमची परवानगी, मिळायला वर्षभरच उरलं होतं. तेही हुकलं असतं. मुदतवाढ मागता येते, म्हणून जावयांना तिकडे अर्ज करायला लावला. पण मंजूर होईलच याची खात्री नाही. शिवाय बाळाला स्वतःचा व्हिसा हवा, त्याआधी पासपोर्ट.

"जन्मदाखला द्या."

दिला. नावाची जागा कोरी.

"बारसं झालं न्हाई अजून," मारोतराव खाली बघत म्हणाले. "नाव आत्या ठेवते. आन् आत्या रुसून बसली."

आत्या म्हणजे स्वातीची नणंद, शिरूर अनंतपाळची मंगल. मी तिथूनच स्पीकरवर फोन लावला.

"माझा भाऊ आल्याबिगर मी नाव ठेवणार न्हाई," तिनं ठणकावलं. "बाप नसताना बारसं करतेत का कुठं?"

"अहो, त्यांना सुट्टी नाही."

"मग थांबा की!"

मला चिडायचा हक्क नव्हता, तरी चिडले. तेवढ्यात स्वातीनं फोन घेतला. "ताई, मला दोन महिन्यांत जावंच लागतंय. याला इथं ठेवून जाऊ का?" आणि ती रडायलाच लागली.

पलीकडून मंगलचा आवाज एकदम उतरला.

"रडू नको. येते मी. माझ्या भावाला म्हणावं व्हिडिओवर तरी बस, आंघोळ करून."

रविवारी बारसं झालं. बाप मोबाइलवर, आत्या पाळण्याशी. नाव शिवांश. मग दाखला, पासपोर्ट, व्हिसा. मुदतवाढीचं उत्तर शेवटपर्यंत आलंच नाही. मुदतीला नऊ दिवस असताना मायलेकरं विमानात बसली.

आता बाळंतपणाला आलेली कुणी माझ्याकडे आली, की पासपोर्ट नंतर बघते. आधी विचारते, "आत्या खुश आहे ना?"