परखीवाल्याचा व्हिडिओ

संगप्पाचं तोंड म्हणजे तिखटाची पुडी. लातूरच्या आडत बाजारात तीस वर्षं पोत्यात परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसून माल तपासण्यात गेलेली. वर टपोरे दाणे अन् आत खडे-माती, हे रोजचंच बघणं. म्हणून वरून दिसणाऱ्या कशावरही त्याचा भरवसा नव्हता. चांगलीच गोष्ट. पण परखी खुपसावी ती पोत्यात. हा बाबा माणसांतही खुपसायचा अन् वर फिदीफिदी हसायचा.

बायको शरणम्मा सोळा वर्षं शुगरच्या गोळ्यांवर. तिच्या मोबाईलवर कुणी कारल्याचा रस पाठवी, कुणी तांब्याचं कडं. बिचारी विचारायची, "अहो, हे खरं असंल का?" की हा खेकसलाच, "डोस्कं गहाण ठेवलंस काय?" का खोटं, कसं खोटं, हे चार शब्दांत सांगायची तसदी कधी घेतली न्हाई. डॉक्टर मात्र समजावून सांगायचे, म्हणून गोळ्या चुकत नव्हत्या. नवऱ्याला विचारणं तिनं हळूहळू सोडूनच दिलं.

नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदा भाच्यानं टाकलं, ग्रहणात मुसळ आपोआप उभं राहतं. संगप्पानं सगळ्या खानदानाला मेंढरं म्हटलं अन् ग्रुप सोडला. पीडा गेली म्हणून तिकडं हसण्याचे इमोजी पडले. इकडं हा आपल्याच तोऱ्यात.

मग जावई उमाशंकरनं मशीन आणलं. पितळी दांडी मुठीत धरायची, एका मिनिटात एकवीस पानांचा रिपोर्ट हातात. ना सुई, ना रक्त. नाव काय, तर 'क्वांटम आरोग्य'. उद्घाटनाला सासऱ्याला बोलावलं. मुलीच्या घरचं बोलावणं, न जाऊन कसं चालंल?

संगप्पा गेला, पण खिशात भिजवलेल्या हरभऱ्यांची पुरचुंडी घेऊन. नंबर आला तशी त्यानं उपरण्याआड दांडी पुरचुंडीत खोचली. मशीन गुरगुरलं, एकवीस पानं बाहेर पडली. ती हातात घेऊन यानं पुरचुंडी टेबलावर सोडली अन् मोठ्यानं वाचायला लागला.

"ऐका! हरभऱ्याच्या गुडघ्यात वंगण कमी हाय. यकृत सुजलंय. अन् मन चिंतेत हाय म्हणं! काय रे हरभऱ्या, तुला कसली चिंता?"

हॉलभर हशा पिकला. उमाशंकरचं तोंड काळंठिक्कर पडलं. मुलगी शिवानी रडकुंडीला येऊन म्हणाली, "अप्पा, घरी बोलवून सांगितलं असतं तर?"

"सांगून कळणाऱ्यातले हाव का तुम्ही?"

ती तोंड फिरवून गेली. पुढं दोन महिने माहेरी फिरकली न्हाई.

शरणम्मा गुडघेदुखीमुळं घरीच होती. हा छाती फुगवून आला, तेव्हा तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "कसं झालं जावयाचं?"

"तुला काय कळतंय त्यातलं? वाढ."

तिनं वाढलं.

उद्घाटनाला गावातल्या एका चॅनलचा माणूस कॅमेरा घेऊन आला होता. जाहिरात जावयाचीच. त्यानं हरभरे तेवढे कापले. उरला तो दांडी धरलेला संगप्पा, हातात रिपोर्ट अन् बत्तीस दात दिसतील एवढं हसू. खाली पट्टी: 'नामवंत पारखी संगप्पा यांनीही करून घेतली तपासणी!' व्हिडिओ पार लोहा, मुदखेड अशा लांबच्या गावांपर्यंत फिरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर तीनदा आला. संगप्पा ग्रुपवर होता कुठं? त्याच्या तोंडाला लागायला नको म्हणून कुणी त्याला दाखवलाही न्हाई.

दोन महिन्यांनी शरणम्माच्या पायाला नवी चप्पल चावली. एवढंसं खरचटलेलं, पण आठवड्यात अंगठा काळा पडला, घाण वास यायला लागला. दवाखान्यात नेलं. शुगर बघून डॉक्टर चक्रावले.

"आज्जी, गोळ्या कधी बंद केल्या?"

"दोन महिने झाले."

संगप्पा उसळला, "कोणत्या गाढवानं सांगितलं तुला?"

शरणम्मानं उशीखालचा मोबाईल काढला अन् व्हिडिओ लावून त्याच्यापुढं धरला. आपलंच हसणारं तोंड बघून संगप्पानं मोबाईल हिसकावून घेतला.

"अगं, ते हरभरे होते! मी त्या मशीनची फजिती करत होतो!"

"मला कवा सांगितलं?" ती शांतपणे म्हणाली. "विचारलं होतं मी. छत्तीस वर्षांत तुम्ही कशालाच चांगलं म्हणलं न्हाई. मला वाटलं, ह्यांनी ती दांडी हातात धरली, हसत होते, म्हणजे अस्सल असंल. जावयाकडं जाऊन मीबी धरली. हरभऱ्याचं तिथं कुणी बोललं न्हाई. शुगर नॉर्मल आली. दुसऱ्या कुणाचं ऐकून सोडल्या नसत्या हो गोळ्या."

बातमी कळून आलेला उमाशंकर दारात मान खाली घालून उभा होता. त्याला आडवंतिडवं बोलावं म्हणून संगप्पा वळला, अन् तसाच माघारी फिरला. थू असल्या हुशारीवर! जगाचं खोटं पकडलं अन् चुलीपुढच्या बाईला एक वाक्य सांगायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, अंगठा आजच काढावा लागंल. उशीर केला तर पाऊल जाईल. नर्सनं सहीचा कागद आणला. शरणम्मानं तो हातात घेतला. "काढायलाच पाहिजे का?" तिनं विचारलं.

संगप्पा लगबगीनं पुढं झाला. जन्मात पहिल्यांदा तिला समजावून सांगायचं त्याच्या मनात आलं. "हे बघ शरणे, शुगर वाढली की जखमेला..."

तिनं मान डॉक्टरांकडं वळवली.

"तुम्ही सांगा, साहेब. ह्यांना विचारायची मला सवय न्हाई."