पहिल्या पानावर आमचं लॉज

आमच्या लॉजच्या काउंटरखाली एक खण आहे. गिऱ्हाइकांनी विसरलेले चार्जर त्यात साचतात, तसेच आमच्याकडं किस्से साचलेत. चार्जर निदान कुणीतरी परत मागतं.

लॉज खुलताबाद रोडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, काउंटरवर. थोरले काका हुकूम सोडायला. आई स्वयंपाकघरात. आणि इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलेला मी, 'नेटवर'. एका बड्या हॉटेलवाल्याला आमची जागा भाड्यानं पाहिजे होती. काका केव्हाचे तयार होते. आई अडून बसली, "एक सीझन द्या पोराला." या हिवाळ्यात खोल्या भरल्या तर लॉज आपलं, नाहीतर त्याचं!

कुणी 'वेरूळजवळ लॉज' शोधलं की आमचं नाव पहिल्या पानावर यायला पाहिजे. माझं काम एवढंच. एवढंच!

* * *

वेबसाइटसाठी काकांनी फोटो दिले. आधी हार घातलेले आजोबा. मग फेटा बांधलेले काका. मग उद्घाटनाला आलेले पुढारी.

"खोल्यांचे फोटो?"

"खोली आल्यावर दिसतेच की!"

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "मामंजींचा हार घातलेला फोटो बघून रात्रीचा मुक्काम कोण करंल?"

आजोबा तिथंच राहिले. वेबसाइट उघडली की आधी आजोबा येतात, तेही हळूहळू, कपाळापासून.

* * *

काकांचं दुसरं फर्मान : शहराचं फक्त नवं नाव लिहायचं. मी म्हटलं, लोक दोन्ही नावांनी शोधतात, दोन्ही टाकू.

"नाय! नाव बदललंय. लोकांना शिकू दे."

"काका, ते शिकेपर्यंत शेजारच्या लॉजात झोपतात!"

ऐकलं नाही. संध्याकाळी हेच काका फोनवर पिशोरच्या साडूला सांगत होते, "औरंगाबादची गाडी धर अन् लौकर ये."

* * *

रिव्ह्यू पाहिजेत, असं मी एकदा बोलून बसलो. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात काकांनी माइकच हातात घेतला. "मंडळी, आधी मोबाइल काढा. आपल्या लॉजला पाच स्टार द्या. मग पंगत बसंल!"

भुकेली माणसं. दिले सगळ्यांनी, एकाच वायफायवरून. कुणी लिहिलं, 'मुलीकडची माणसं लई मानाची.' कुणी, 'जिलबी गार होती, बाकी उत्तम.'

दुसऱ्या दिवशी खोटे ठरून सगळे रिव्ह्यू गायब! खरे होते तेही गेले. एका परदेशी बाईनं आईच्या ठेच्यावर एवढालं लिहिलं होतं, तेसुद्धा.

काका म्हणाले, "लई हरामी दिसतंय हे नेट. पाहुण्यांचा मान ठेवत नाय."

* * *

एका गिऱ्हाइकानं लिहिलं, 'आंघोळीला गरम पाणी नव्हतं.' मी नम्र उत्तर तयार करत होतो, तेवढ्यात काकांनी देऊन टाकलं : 'सोलरचं पाणी सकाळी लवकर मिळतं. आपण दहापर्यंत घोरत होता. घरी वळण लावलेलं दिसत नाही.'

आमचं नाव शोधलं की सगळ्यात आधी हेच दिसायचं!

मी तोंडावर बोललो, "काका, तुम्हीच लॉज बुडवणार." त्यावर निकाल असा लागला की पोरगं उलट बोलतं, सबब पासवर्ड बदलून अण्णांकडं राहील. आमच्याकडं चूक कुणाचीही असो, शिक्षा लहानालाच होते.

* * *

दिवाळीनंतर आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

सुतकात लॉज बंद. मी अण्णांना म्हटलं, "मॅपवर बंद आहे म्हणून टाका, नाहीतर लोक हेलपाटा मारतील." अण्णांनी मान हलवली. चष्मा लावून कितीतरी वेळ मोबाइल घेऊन बसले.

तेराव्यानंतर लॉज उघडलं. पासवर्ड अण्णांकडंच होता, मी नेटकडं फिरकलोही नाही. फोन काही वाजेना. ऐन सीझन, शेजारी गाड्या लावायला जागा नाही, आणि आमच्या खोल्यांना कुलपं. काका रोज ऐकवायचे, "बघितलं तुझं नेट? शिकला असतास तर बरं झालं असतं." थंडी सरता सरता त्यांनी हॉटेलवाल्याला होकार कळवला. अण्णांनी सही केली.

त्याच आठवड्यात आधी एकदा राहून गेलेलं नागपूरचं एक जोडपं आलं. बाई म्हणाल्या, "मावशींच्या हातची भाकरी खायची म्हणून ड्रायव्हरला मुद्दाम वळवलं. मॅपवर तर तुम्ही कायमचे बंद आहात!"

मी अण्णांचा मोबाइल ओढून घेतला. खरंच होतं. दोन पर्याय असतात, 'तात्पुरते बंद' आणि 'कायमचे बंद'. अण्णांनी दुसरा दाबला होता.

"डोकं ठिकाणावर आहे का, अण्णा? अख्खा सीझन गेला! लॉज गेलं! तात्पुरतं दाबायचं होतं, तात्पुरतं!"

अण्णांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"तुझी आई काय तात्पुरती गेली व्हय रे?"