राजलक्ष्मीसाठी उभी राहिलेली मुलगी

जयमाला शेलार आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. खांदेश्वर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची सोसायटी. अकरा वर्षांत सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या एकदाही बोललेल्या मला आठवत नाहीत. हात वर करायची वेळ आली की आधी शेजारणीचा हात बघतात आणि मग आपला वर करतात. द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात त्या कागदपत्रं बघतात. कंटेनर आला की त्याचे कागद एकमेकांशी जुळतात का ते तपासायचं, चुकलं असेल तिथे पेन्सिलने खूण करायची. कामात चूक नाही आणि तोंडात शब्द नाही, असं त्यांचे साहेबच म्हणतात.

तर या जयमालाताईंना मागच्या नोव्हेंबरात कोणीतरी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. ‘आपण ९३’ असं ग्रुपचं नाव. मुंबईतल्या ख्रिस्ती सिस्टरांच्या लेडीज कॉलेजातून त्र्याण्णव साली बी.ए. झालेल्या मुली, म्हणजे आता पन्नाशी ओलांडलेल्या बाया. ग्रुप काढला होता मंजुषा नावाच्या वर्गमैत्रिणीने. प्रत्येकीने आपला एक फोटो टाकायचा आणि आजवर काय झालं ते थोडक्यात लिहायचं. कोणी कॅनडाला होती, कोणी खारघरला योगाचे क्लास घेत होती, एकीचा नवरा करोनात गेला होता. जयमालाताई कंपनीच्या बसमध्ये दोन दिवस सगळं वाचत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चार ओळी लिहिल्या: खांदेश्वरला असते, मिस्टर श्यामसुंदर तुर्भ्याला शाईच्या कारखान्यात आहेत, मुलगी प्राची नोकरीला लागली, मी अमुक ठिकाणी काम करते.

दहा मिनिटांत ग्रुप पेटला. मंजुषाने लांबलचक व्हॉइस मेसेज टाकला. तिचं म्हणणं असं की ही तीच जयमाला, जिने ॲन्युअल डेच्या दिवशी स्टेजवर चढून माइक हातात घेतला होता आणि सगळ्या पाहुण्यांसमोर प्रिन्सिपल सिस्टरांना विचारलं होतं, की राजलक्ष्मीला परीक्षेला का बसू देत नाही? मग एकेकीने भर घातली. एकीला जयमालाचा पांढरा ड्रेस आठवत होता. एकीला आठवत होतं की आवाज कापत होता पण शब्द अडला नाही. प्रेमला नावाची एक होती, तिने लिहिलं की स्टेजवर जायच्या आधी जयमालाने माझा हात घट्ट धरला होता, अजून आठवतं. शेवटी खुद्द राजलक्ष्मीचा मेसेज आला. ती आता नेरूळला एका ज्युनिअर कॉलेजात व्हाइस प्रिन्सिपल आहे. तिने लिहिलं होतं, ‘जयमाला, तू नसतीस तर माझं वर्ष गेलं असतं आणि वर्ष गेलं असतं तर घरच्यांनी शिक्षणच बंद केलं असतं. एकतीस वर्षं तुला शोधतेय.’

जयमालाताईंना यातलं काहीच आठवत नव्हतं.

त्याच संध्याकाळी त्या मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. वर्गात दुसरी कोणी जयमाला होती का, असं मी आधी विचारलं. नव्हती. ग्रुपवरच्या जुन्या फोटोत दुसऱ्या ओळीत दोन वेण्यांची त्याच उभ्या होत्या, खाली नावही होतं. पांढरा ड्रेस मात्र त्यांच्याकडे खरंच होता, आणि त्यानेच त्या जास्त घाबरल्या होत्या. एवढी मोठी गोष्ट माणूस विसरू शकतं का, असं त्या मला परत परत विचारत होत्या. त्यांच्या सासूबाई शेवटी शेवटी सगळंच विसरायच्या, तेही त्यांच्या मनात असावं. मी म्हटलं, बी-ट्वेल्व्ह बघून घ्या. त्यांनी पुढच्या आठवड्यात खरंच रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट नॉर्मल आला, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढला.

नवऱ्याला विचारलं, तर श्यामसुंदरराव म्हणाले की झालं असेल, एवढ्या बायका कशाला खोटं बोलतील? वर ते बायकोकडे जरा नव्याने बघायला लागले. आमच्या सेक्रेटरींशी गळतीबद्दल बोलायचं होतं, तर म्हणाले, तूच जाऊन बोल. जयमालाताई गेल्या आणि सेक्रेटरींच्या बायकोला विरजण मागून परत आल्या.

मग एका रविवारी त्या कोपरखैरण्याला भावाकडे आईला भेटायला गेल्या. राजाबाई ऐंशीच्या पुढच्या, पण बोलणं अजून सातारचं आणि खणखणीत. जयमालाताईंचे वडील मानसिंग पाटण तालुक्यातून आलेले, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. तुर्भ्याच्या वस्तीत सिस्टर लोक दवाखाना चालवायच्या, त्यातल्या एकीने मानसिंगना सांगितलं होतं की पोरगी हुशार आहे, आमच्या कॉलेजात घाला. म्हणून पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाची मुलगी वाशीचा खाडीपूल ओलांडून इंग्रजी बोलणाऱ्या मुलींमध्ये जाऊन बसली होती. तीन वर्षं ती मागच्या बाकावर बसली आणि विचारल्याशिवाय बोलली नाही. हे सगळं त्यांना नीट आठवत होतं. स्टेज तेवढं आठवत नव्हतं.

आईला त्यांनी विचारलं, कॉलेजात मी कधी भाषण केल्याचं घरी सांगितलं होतं का?

राजाबाई म्हणाल्या, "तू? आगं, तुला दुकानात मीठ मागायला पाठवली तर तशीच माघारी यायचीस. तुला कुठलं भाशन?"

आईचा हा शब्द धरून जयमालाताईंनी ग्रुपवर लिहिलं की तुमची काहीतरी चूक होतेय, ती मी नसेन. त्यावर तीस-पस्तीस बदाम आले आणि ‘अजून तशीच लाजाळू आहेस गं’ असे मेसेज. रात्रीच्या जेवणाआधी राजलक्ष्मीचा फोन आला. ती बोलता बोलता रडली. त्या वर्षी तिची आई दोन महिने हॉस्पिटलात होती, हजेरी कमी पडली होती, आणि कारण सांगायची तिला लाज वाटली होती, हेही तिने सांगितलं. रडणाऱ्या बाईला ‘ती मी नव्हे’ असं कसं सांगायचं? जयमालाताई नुसत्या ‘हं, हं’ करत राहिल्या. मला म्हणाल्या, "दुसऱ्याचं बक्षीस घरात आणून ठेवल्यासारखं वाटतंय. आणि दुसरी कोण ते कळलं तर नेऊन तरी देईन."

जानेवारीत वाशीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सगळ्यांनी दुपारी जेवायला भेटायचं ठरलं. जाऊ की नको, असं जयमालाताईंचं आठवडाभर चाललं होतं. प्राचीने साडी काढून दिली आणि रिक्षात बसवून दिलं, म्हणून गेल्या. पुढचं सगळं मी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगते.

हॉलमध्ये गेल्या गेल्या मंजुषाने त्यांना मिठीच मारली. राजलक्ष्मी हात धरून बसली तो सोडेना. त्यांच्या वेळच्या प्रिन्सिपल सिस्टर इमेल्डा यांनाही आणलं होतं. वसईच्या बाई, शहाऐंशी वर्षांच्या, आता सिस्टरांच्याच आश्रमात असतात. पाय चालत नाहीत, नजर अधू, पण बोलणं स्पष्ट. मंजुषाने सगळ्यांसमोर पुन्हा तीच गोष्ट सांगायला घेतली. ॲन्युअल डे, स्टेज, माइक. सिस्टर मान तिरकी करून ऐकत होत्या. मंजुषा थांबल्यावर त्या म्हणाल्या, "मुलींनो, त्या वर्षी ॲन्युअल डे झालाच नाही. दंगल चालू होती. जानेवारीत कॉलेज बंद होतं."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि तरी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. प्रेमलाने स्वतःच्या हाताकडे बघितलं, असं जयमालाताई सांगतात.

मग सिस्टर म्हणाल्या, "पण जयमाला आली होती, ते खरं आहे. स्टेजवर नाही. माझ्या केबिनबाहेर. तीन दिवस रोज येऊन उभी राहायची, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मी आत बोलावलं. राजलक्ष्मीला मी त्याच आठवड्यात परीक्षेला बसायला नाही म्हटलं होतं, म्हणून विचारलं, राजलक्ष्मीसाठी आलीस का? तर म्हणाली, येस सिस्टर. मला वाटलं, ही गरीब मुलगी, तोंडातून शब्द निघत नाही, ती तीन दिवस दुसरीसाठी उभी राहते, म्हणजे त्यात काहीतरी असेल. मग मी चौकशी केली, तेव्हा राजलक्ष्मीच्या आईचं आजारपण कळलं."

टाळ्या झाल्या. राजलक्ष्मीने हात आणखी घट्ट धरला. आणि जयमालाताईंना तेव्हा सगळं आठवलं.

केबिनबाहेर त्या उभ्या होत्या, अगदी खरं. पण स्वतःच्या कामासाठी. त्यांना बी.एड. करायचं होतं. सिस्टरांच्याच दुसऱ्या कॉलेजात प्रवेशासाठी प्रिन्सिपलचं शिफारसपत्र लागायचं, आणि त्याचा फॉर्म हातात घेऊन त्या रोज केबिनपर्यंत जायच्या. दार वाजवायचा धीर होत नव्हता. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी बोलावलं आणि भराभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. केबिनमध्ये इंग्रजीच बोलायची पद्धत होती. जयमालाला त्यातलं फक्त राजलक्ष्मीचं नाव कळलं. राजलक्ष्मी तुझ्या वर्गात आहे का, असं विचारत असतील समजून ती ‘येस सिस्टर’ म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, ठीक आहे, मी बघते, जा. ती फॉर्म तसाच घेऊन बाहेर आली. पुन्हा जायची हिंमत झाली नाही आणि तारीख उलटून गेली. घरी सांगितलं की जागा भरल्या. मानसिंग म्हणाले, बरं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी श्यामसुंदररावांचं स्थळ आलं.

हॉलमध्ये सगळ्या ताट घ्यायला उठल्या तेव्हा जयमालाताई हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. राजलक्ष्मी मागोमाग आली. तिथेच, नळ चालू असताना, त्यांनी तिला सगळं सांगितलं. आयुष्यात इतकं सलग त्या बहुधा पहिल्यांदाच बोलल्या असतील.

राजलक्ष्मीने विचारलं, "म्हणजे तू माझ्यासाठी आलीच नव्हतीस?"

"नाही."

"आणि तुझं पत्र?"

"ते राहिलं."

राजलक्ष्मीने नळ बंद केला. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने डोकं दुखतंय सांगून घरी निघून गेली.

नंतर दोन महिने तिचा फोन नाही. जयमालाताईंना वाटायला लागलं की आपण सांगायलाच नको होतं. मग वाटे, आधीच सांगायला हवं होतं. पण आधी तर त्यांना माहीतच नव्हतं. सिस्टरांनाही जाऊन सांगावं का? शहाऐंशी वर्षांच्या बाईने एक चांगली आठवण जपून ठेवलीय, ती मोडायची का? असं त्या मला विचारत होत्या. ग्रुपवर मात्र काहीच बदललं नव्हतं. महिला दिनाला मंजुषाने जयमालाचा फोटो टाकून पुन्हा स्टेजचीच गोष्ट लिहिली. दंगलीची आठवण कोणीच काढली नाही. जयमालाताईंनी त्यावर हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि ते बरोबर केलं की चूक, याचा दोन दिवस विचार केला.

एप्रिलमध्ये एका शनिवारी दुपारी राजलक्ष्मी न कळवता त्यांच्याकडे आली. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. चहा झाल्यावर तिने सांगितलं की आपल्याला आधी रागच आला होता. पंचवीस वर्षं ती प्रत्येक वर्गाला ही गोष्ट सांगत आली होती, की माझ्या वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी माझ्यासाठी बोलली. यंदा वर्गासमोर उभी राहिली आणि पुढचं वाक्यच सुचलं नाही.

"तुझ्यावर रागवावं असं तू काही केलं नाहीस," ती म्हणाली. "पण मग कोणावर रागवायचं तेही कळेना. मी मास्तरीण झाले, आणि व्हायचं होतं तुला."

जयमालाताईंनी तिला सांगितलं की पत्र मिळालंच असतं, असं कुठे आहे? मिळून प्रवेश झाला असता का, आणि झाला असता तरी वर्गासमोर तोंड उघडलं असतं का? इतकी वर्षं याचं वाईट वाटलं नाही, कारण आपल्याच भित्रेपणाने गेलं, हे ठाऊक होतं. आता तुझं भलं झालं म्हणून बरं वाटतं, आणि माझं राहिलं म्हणून आत्ता कुठे वाईट वाटायला लागलंय. दोन्ही एकाच वेळी. "यातलं कुठलं आधी वाटून घ्यायचं तेच समजत नाही," त्या म्हणाल्या.

राजलक्ष्मी संध्याकाळपर्यंत बसली. जाताना तिने सोबत आणलेल्या आंब्यांपैकी चार मलाही दिले.

मे महिन्यात पनवेलला लग्न झालं. जयमालाताई आणि श्यामसुंदरराव दोघेही गेले. माइकची आणि केबिनची, दोन्ही गोष्टी आता तिथे निघणार, या भीतीने ताई मागच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. राजलक्ष्मीने त्यांना शोधून पुढे नेलं आणि विहीणबाईंना सांगितलं, "ही जयमाला. आम्ही एका वर्गात होतो." बाकी काही नाही.

विहीणबाईंनी सहज विचारलं, अरे वा, म्हणजे तेव्हापासूनच्या मैत्रिणी?

राजलक्ष्मी ‘हो’ म्हणाली आणि जयमालाताई ‘नाही’ म्हणाल्या, दोघी एकाच वेळी. विहीणबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. मग कोणीतरी पंगत बसतेय म्हणून हाक मारली, आणि तिघीही जेवायला गेल्या.