कोऱ्या रिपोर्टवरची सही

"मैडम, त्रिपाठीजी को बुलवाइए. हमारे सामने नापेंगे," वीज तपासणीला आलेले इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले आणि कडुनिंबाखाली खुर्ची ओढून बसले.

त्रिपाठीजी म्हणजे माझे सुपरवायझर. दोन दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आणि माझ्या हातातल्या टेस्ट रिपोर्टवर त्यांची सही होती, कालच्या तारखेची.

विकास नगरमधल्या या लहान मुलांच्या हॉस्पिटलचं वायरिंग आम्ही केलं होतं. सोमवारी उद्घाटन. डॉक्टरांच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स माझ्या नावावर आहे, पण ते एकट्या माझ्या जोरावर चालत नाही. सरकारी प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर नोकरीवर असावा लागतो. काम संपलं की त्याने स्वतः मोजमाप घ्यायचं, आकडे लिहायचे, सही करायची. हाच टेस्ट रिपोर्ट. तो बघून इन्स्पेक्टर मंजुरी देतात, मग वीज जोडली जाते.

आमच्या धंद्यात एक सोय करून ठेवलेली असते. सुपरवायझर कोऱ्या फॉर्मांवर आधीच सह्या करून देतो. माझ्या अलीगंजच्या ऑफिसातही ड्रॉवरमध्ये असा गठ्ठा होता. वायरमन मोजायचे, आकडे मी भरायची. इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं.

बाजूला जाऊन त्रिपाठीजींना फोन लावला.

"अरे मैडमजी, घबराइए मत. काला चश्मा लगाके आ जाते हैं. कह देंगे, कल हमीं ने नापा था."

"और आँख की पट्टी?"

"चश्मे के नीचे कौन देखता है?"

"आप घर पर ही रहिए," म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं पकडलं गेलं तर माझं लायसन्स आणि त्यांचं प्रमाणपत्र, दोन्ही जाणार. खरं सांगितलं तरी जाऊ शकत होतं. सहा वायरमनांची घरं त्या लायसन्सवर चालतात. पण खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न आला की अडकायला होणार नव्हतं, एवढा हिशेब मला उभ्या उभ्या जमला.

मी साहेबांना खरं सांगितलं. ऑपरेशन, गठ्ठा, सगळं.

साहेबांनी रिपोर्टवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "तो नापा किसने?"

"हमारे वायरमन ने."

"आपने देखा?"

"नहीं."

"चलिए, अब देख लीजिए."

इमारतीमागे तीन अर्थ पिट होते. म्हणजे जमिनीत खोल पुरलेल्या नळ्या. यंत्रात वीज उतरली तर ती माणसाला न लागता या वाटेने जमिनीत जाते. पहिल्या दोन पिटचे आकडे रिपोर्टशी जुळले. तिसऱ्यावर मीटरचा आकडा, जो कमी असायला हवा, एकदम चढला. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. तेच.

मी वाकून नळीला जोडलेली लोखंडी पट्टी हलवली. नट बोटांनी फिरला. घट्ट केलाच नव्हता. वायरमन मान खाली घालून म्हणाला, दो सही थे तो तीसरा भी वही लिखवा दिया.

ती पट्टी नवजात बाळांच्या खोलीतल्या मशीनांची होती.

साहेबांनी रिपोर्ट रद्द केला. मला नोटीस आली, उत्तर दिलं, लेखी ताकीद मिळाली. लायसन्स राहिलं. उद्घाटन तीन आठवडे पुढे गेलं. वरच्या मजल्याचं काम डॉक्टरांनी दुसऱ्याला दिलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

डोळ्याची पट्टी निघाल्यावर त्रिपाठीजी ऑफिसात आले, तेव्हा मी त्यांच्यासमोर गठ्ठा फाडला.

"अब हर साइट पर खुद जाना पड़ेगा, मैडमजी?"

"हाँ. और पाना साथ लेके."

सुपरवायझरची सही पेनाने होत असली, तरी ती पाना फिरवल्यानंतरच करायची असते. सुपरवायझर स्वतः तपासूनच सही करेल, ही अट मला लायसन्सच्या अर्जातच लिहिलेली सापडली. खाली सही माझीच होती.