मागून आणलेली पाच ताटं

माझं लग्न पाच ताटांनी ठरलं, आणि त्यातलं एकही ताट आमचं नव्हतं.

निजामाची राजवट होती तेव्हाची गोष्ट. तीर्थपुरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. घरात पितळेची ताटं होती, नव्हती असं नाही, पण दोन थोरल्या बहिणींच्या लग्नात ती त्यांच्याबरोबर सासरी गेली. मागं राहिली जर्मलची, म्हणजे अॅल्युमिनियमची, चार. त्यातल्या दोन ताटांना पोचे आणि एकाला भोक. "बरं झालं," आबा म्हणाले, "चिंच लावून पितळ घासायची कटकट गेली."

आमच्या आबांचं सगळं असंच. म्हैस मेली तेव्हा माय डोकं धरून ओसरीवर बसली, तर हे म्हणतात, "बरं झालं, आता धार काढायला पहाटं उठायचं न्हाई." छप्पर गळायला लागलं तेव्हा गळतीखाली घागर ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं, आडावरचा येक हेलपाटा कमी." एकदा त्यांच्या पायाला विंचू चावला. दिवसभर कण्हत पडले होते. दिवस मावळायला उठून बसले आणि म्हणाले, "बरं झालं, डाव्या पायाला चावला. उजवा कामाचा हाय." (मग डावा काय शोभेला हाय का, असं मायनं विचारलं.)

मी मात्र मायवर गेले. बिनकाळजीचा दिवस गेला तर काहीतरी विसरलं असं वाटायचं मला. त्यात देवानं एक खोड दिलेली: भ्याले की मला हसू यायचं. थोडंथोडकं नाही, पोट धरून. मला बघायला पहिले पाहुणे आले, नाव विचारलं, आणि मी भ्याले आणि हसले. ते पाणीही न पिता उठले. दुसऱ्यांच्या वेळी मी ओठ दाताखाली धरून बसले होते, पण म्हाताऱ्या पाहुण्याला सुपारीचा ठसका लागला. तो बिचारा जीव जाईल असा खोकतोय आणि समोर मी खदखदा हसतेय. त्यांनी गावात सांगितलं की पोरगी येडी आहे. आबा म्हणाले, "बरं झालं, रडकी तर न्हाई म्हणले."

पण अठरावं सरत आलं होतं. त्या काळी अठराव्या वर्षी पोरीच्या कडेवर पोर असायचं. बायका आडावर मला पाहून गप व्हायच्या आणि मी पुढं गेले की बोलायच्या. माय रोज भाकरी थापताना डोळे पुसायची आणि धुराचं नाव सांगायची. तेवढ्यात शहागडहून निरोप आला, की पाहुणे येऊन राह्यलेत, पाच जण आहेत, दुपारी जेवायलाच येतील. घर चांगलं, गोदाकाठी शेती, पोरगा शिकलेला. माय म्हणाली, "हे जर परत गेले ना, तर मंग ह्या पोरीला कोण विचारणार न्हाई." आबांनी आपण होऊन केरसुणी हातात घेतली, तेव्हाच मला कळलं की त्यांनाही काळजी आहे.

आता पाच पाहुण्यांना भोकाच्या ताटात आमटी कशी वाढायची? म्हणून मी आणि माय गल्लीत निघालो. गल्लीनं काहीच विचारलं नाही. सरूकाकूनं दिलं, भागीरथीआजीनं दिलं, रखमाजीभाऊनं तर देव्हाऱ्यातलं नैवेद्याचं काढून दिलं. गयाबाईनं दिलं, पण दोनदा परत मागून घेतलं आणि तिसऱ्यांदा दिलं. पाचवं ताट दिलं नाना चपराशी यांनी. नाना तहसिलीत नोकरीला होते, म्हणून त्यांनी ताटावर आपलं नाव उर्दूत टाकून घेतलं होतं. बाकीच्या चारांवर कासारानं मराठीत ठोकलेली ठिपक्याठिपक्यांची नावं. ती बघितली आणि मायनं ताटं तशीच आबांपुढं धरली.

"अहो, नावं हायेत की सगळ्यांवर. पाव्हण्यांनी वाचली म्हंजे?"

"वाचणार कोण?" आबा म्हणाले. "पोरगा शिकलेला, म्हंजे उर्दू शिकलेला. आपल्या मुलखात साळा हाय का मराठीची? त्याला मराठी नावाचं ताट द्या. बाकीचे चौघं आपल्यासारखे. त्यातल्या कुणाला बी नानाचं ताट द्या. बिलकुल काळजी करू नका."

मायनं मला सात वेळा बजावलं. नानाचं ताट पोराला द्यायचं न्हाई. नानाचं ताट पोराला द्यायचं न्हाई. आणि हसायचं न्हाई.

पाहुणे आले. पुढं पोराचे वडील, मागं दोन भाऊबंद, मध्ये काळा कोट घालून मान खाली घातलेला पोरगा, आणि सगळ्यात शेवटी पोराचा मामा. हा मामा जालन्यात मस्तगडला एका कापडाच्या दुकानात कामाला होता. आमच्या दाराशी तो थांबला. चौकटीवर भटजीनं गेरूनं काहीतरी लिहिलं होतं, त्यावर त्यानं बोट ठेवलं.

"श्री," मामा मोठ्यानं म्हणाला.

आबांचा चेहरा उतरला. मामा अभिमानानं सांगू लागला, की मालकानं शिकवलं, ह्याच उन्हाळ्यात. आता दिसंल ते वाचतो. माय सैपाकघराच्या दारातून आबांकडं बघत होती. आबा आत आले आणि हळूच म्हणाले, "घाबरू नको. येवढं येकच अक्षर येत आसंल त्याला. बरं झालं, येकच हाय."

पानं मांडायचं काम माझ्याकडं. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता, आणि पोटात ते नको ते हसू उकळायला लागलं होतं. ते दाबण्याच्या नादात कुठलं ताट कुणापुढं ठेवलं, याची मला शुद्ध नव्हती. सगळे बसले. पुरणपोळी वाढली, आमटी वाढली, भजी वाढली. मामानं पहिला घास घ्यायच्या आधी ताटाच्या काठावरची भजी बाजूला सारली.

"स... रू... बा... ई." त्यानं वर पाहिलं. "सरूबाई. आमच्या वैनींचं नाव का?"

"व्हय," आबा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता खरी सरूकाकू पोळ्या लाटायला म्हणून आमच्याच चुलीपुढं बसलेली. वय सत्तर. ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. "कोण हाक मारून राह्यलं मला?"

मामानं सत्तरीच्या सरूकाकूकडं बघितलं, पंचेचाळिशीच्या आबांकडं बघितलं. "ह्या वैनी?"

"ह्या काकू," आबा म्हणाले. "दोघींचं नाव येकच. बरं हाय, येका हाकंत दोघी येतात."

मामाला काही ते पटलं नाही, पण त्याला वाचायची घाई होती. तो शेजारच्या भाऊबंदाच्या ताटावर वाकला. "भा... गी... र... थी. ह्या कोण?"

"आमची आई."

"र... ख... मा... जी?"

"वडील." (रखमाजीभाऊ आबांपेक्षा सहा वर्षांनी लहान होता, आणि त्या वेळी आमच्याच अंगणात पाहुण्यांच्या बैलांना कडबा टाकत होता.)

मामा आता रंगात आला. पोराच्या वडिलांचं ताट त्यानं चक्क आपल्याकडं ओढलं. त्यांचा घास तसाच हातात राहिला. "ग... या... बा... ई. गयाबाई. अजून बी कायतरी हाय." तो ताट फिरवत गेला, आमटी डुचमळत गेली. "ने... ल्या... स... प... र... त... आ... ण... णे." आणि मग त्यानं सगळं एकत्र करून, दुकानात गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "गयाबाई. नेल्यास परत आणणे."

तेवढ्यात इतका वेळ मान वर न केलेला पोरगा, आपल्या ताटाकडं बघत, अगदी हळू म्हणाला, "माझ्यावर 'नाना चपराशी' लिवलेलं हाय."

नानाचं ताट मी त्यालाच दिलं होतं.

पोराच्या वडिलांच्या कपाळाला आठी पडली. भाऊबंदांनी एकमेकांकडं बघितलं. मायनं चुलीपुढं तोंडात पदर कोंबला, ते मला तिथून दिसत होतं. मी आबांकडं पाहिलं. आता हे काहीतरी म्हणतील, म्हणतातच, म्हैस मेली तरी म्हणाले होते. आबांनी तोंड उघडलं. "बरं..." म्हणाले, आणि पुढं काही येईना. जन्मात पहिल्यांदा माझ्या बापाला चांगलं काही सापडत नव्हतं. आणि ते माझ्यापायी. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. माझ्या डोळ्याला पाणी आलं.

आणि मग मला न विचारताच माझं तोंड बोललं.

"बरं झालं, मामांनी वाचलं," मी म्हणाले. "आमच्यात कुणालाच वाचता येत न्हाई. कुणाचं ताट कुणाला द्यायचं, ह्याचीच मला सकाळपून चिंता लागल्ती. आता बराबर ज्याचं त्याला जाईल."

बघायला आलेल्या पोरीनं पाहुण्यांपुढं तोंड उघडायचा काळ नव्हता तो. माय तर आतून हातानं गप राहा म्हणून खुणावायला लागली. आणि त्या पोरानं अंगातल्या कोटाची एक बाही ओढून दाखवली. बाही बोटांच्या खाली आली होती.

"कोट मामाचा हाय," तो म्हणाला.

"गप बस रे," मामा म्हणाला.

"आन गाडी?" रखमाजीभाऊनं अंगणातून विचारलं. त्याला काय चाललंय ते नीट कळलं नव्हतं, तो नुसता बैलांचं कौतुक करत होता. "लई देखणी जोडी हाय, पाव्हणं. घरचीच का?"

पोराच्या वडिलांनी घास ताटात ठेवला. "गाडी आमची," ते म्हणाले. "बैल शेजाऱ्याचे." आणि त्यांच्या मिशीला पहिल्यांदा कंप सुटला. मग आबा हसले, मग भाऊबंद, मग सैपाकघरातून सरूकाकू लाटणं आपटत. मग मीही हसले, पोट धरून. या वेळी मात्र भीतीनं नाही.

जेवणं झाल्यावर पोराच्या वडिलांनी आबांना बाजूला घेतलं. "आमच्याकडं बैल मागितले तर शेजारी चार दिवस तोंड चुकवतो," ते म्हणाले. "तुमाला गल्लीनं देव्हाऱ्यातलं ताट काढून दिलं. सोयरीक इथंच करायची." आबांनी मान हलवली. मीच पदराआडून मनात म्हणाले, बरं झालं.

लग्नात त्या पाचही घरांनी आहेर म्हणून तीच पाच ताटं मला दिली. गयाबाईनं देताना नेहमीसारखं परत मागितलं नाही, म्हणून ती आजारी आहे की काय असं मायला वाटलं. निघताना आबा गाडीजवळ आले. "बरं झालं," म्हणाले, "आता चुलीपुढं बसायला जागा झाली..." आणि धोतराच्या सोग्यानं नाक पुसत मागं वळले. त्यांचं एवढं एकच 'बरं झालं' मला कधी खरं वाटलं नाही.

शहागडला पहिले महिने मला फार जड गेले. गोदेचं पाणी तेवढं बोलायचं माझ्याशी. पण जेवायला बसले की पुढ्यात सरूकाकू असायची, शेजारी भागीरथीआजी. गल्ली जेवायला बसली आहे असं वाटायचं आणि घास उतरायचा. आमच्या ह्यांनी मराठी अक्षरं मामाकडून शिकून घेतली आणि बोट ठेवून ठेवून मला ती नावं शिकवली. चार मराठीत, एक उर्दूत. पुढं शिकायला पोरांनी, शेतीनं, कामानं वेळ दिला नाही. म्हणजे मला आजही बरोबर पाच नावं वाचता-लिहिता येतात.

परवा नातू मला पोस्टात घेऊन गेला. तिथला साहेब शाईची डबी पुढं करून म्हणाला, "आजी, अंगठा लावा इथं." मला राग आला. अंगठा कशाला? मी पेन मागून घेतलं आणि टपोऱ्या अक्षरात, अगदी काठावर ठोकल्यासारखी, सही केली. साहेबानं कागद बघितला, मग पुस्तक बघितलं, मग मला बघितलं.

"आजी, पुस्तकात तर शेवंताबाई हाय. ही सरूबाई कोण? तुमीच का?"

"न्हाई बाबा," मी म्हणाले, "ताट तिचं हाय."