बोर्ड कामून आडकतो?

बिदरच्या आमच्या ऑफिसात माणसं तीनच: मी, आमचा बॉस बसूअण्णा आणि करीम. पण किस्से एवढे साठलेत की कुणी "हे ऐक" म्हणलं की डबा गारच खावा लागतो!

आडत बाजारात तुरीचे, सोयाबीनचे भाव दाखवणारा बोर्ड आहे, त्याचं सॉफ्टवेअर आमचं. मेमरीत साठलेला नको तो डेटा झाडून काढायला त्यात एक 'गार्बेज कलेक्टर' आहे. मेमरी भरत आली की त्यानं आपोआप सुरू व्हायचं. कधीकधी तो व्हायचाच नाही, आणि ऐन लिलावात बोर्ड आडकायचा!

बाजाराच्या सेक्रेटरींनी दम दिला, "आता आडकला तर बोर्डासकट तुम्हालाबी खाली उतरवतो!"

* * *

त्याच आठवड्यात मला बघायला मन्नाएखेळ्ळीची मंडळी आली. मुलाच्या आईनं विचारलं, "काय काम करायलीस?"

माझं डोकं त्या बगमध्येच. म्हणाले, "सध्या कचऱ्याचं."

माझ्या वडिलांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र पुढं सरकल्या. "नगरपालिकेत व्हय? पर्मनंट हाय का?"

* * *

चूक कुठं होते ते बघायला अण्णानं कोडमध्ये जागोजागी प्रिंट घातलं, म्हणजे प्रत्येक पायरी स्क्रीनवर दिसावी. बोर्ड झकास चालला! प्रिंट काढलं, परत आडकला.

करीम म्हणाला, "अण्णा, इसकू देखे तो शरीफ, नै देखे तो बदमाश!"

* * *

ऑफिसच्या पाण्याच्या मोटारीला जिन्यातल्या दिव्यासारखी दोन बटणं आहेत, एक वर, एक खाली. कुठलंही दाबा, बंद असेल तर चालू, चालू असेल तर बंद.

एकदा टाकी रिकामी दिसली. मी खालचं दाबलं. त्याच वेळी करीमनं वरचं. दोघंही खुशीत जागेवर येऊन बसलो.

थोड्या वेळानं बाथरूममधून अण्णा ओरडला, "पाणी कुठं हाय रे?" तोंडाला साबण, डोळे मिटलेले!

"मी मोटार लावली की," मी म्हणाले.

"मैं भी लगाया ना!" करीम म्हणाला.

अण्णा तसाच साबणाच्या तोंडानं बाहेर आला. "आरं, हेच की! कोडमधीबी दोन भाग एकदम मेमरी बघायलेत, दोघंबी बटण दाबायलेत, आन् कलेक्टर बंदच! प्रिंट घातलं की एक जरा मागं पडायचा, म्हणून चालायचं!"

संध्याकाळपर्यंत आम्ही कोड बदलला. आता बघायचं आणि दाबायचं ते एकानंच, एका दमात. तोवर दुसऱ्यानं गप उभं राहायचं.

* * *

बोर्ड आडकायचा थांबला. सेक्रेटरी खूश.

मग एके दुपारी बाजारातले एक म्हातारे आडते घाम पुसत ऑफिसात आले. "बसू, बोर्डाला काय केलास रे?"

"दुरुस्त केला की, अप्पा!"

"आधी बोर्ड आडकला की लिलाव थांबायचा, आम्ही लघवीला जाऊन यायचो. आता सकाळधरनं उभा हाय! साखरेचा पेशंट हाय मी!"

अण्णा गंभीर झाला. माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "जुना कोड डिलीट तर न्हाई ना केलीस?"